उतारवयातील शिकारी आणि त्याचे हृदय

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाची पर्वतराजी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्या कॉलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टाना, आयडाहो या राज्यांतील उतारांवर दरवर्षी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत माणसांची एक निराळीच वर्दळ सुरू होते. एल्क नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीचा हा हंगाम होय. हा प्राणी आपल्याकडील सांबराचा दूरचा आप्त. परंतु पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या पुढे सहज जाते. (युरोपात एल्क हे नाव अगदी वेगळ्याच प्राण्यास देतात, त्यामुळे शिकारीची पुस्तके वाचणाराचा पुष्कळदा घोटाळा होतो.) सरकारी परवाना काढून, मोटाररस्ता मागे टाकून, पाठीवर तंबू व शिधा बांधून पाच-सात दिवस रानाच्या गाभ्यात राहावयाचे आणि पायी माग काढावयाचा, असा या शिकारीचा प्रघात आहे. या शिकाऱ्यांत पन्नाशी उलटलेले पुष्कळ असतात. त्यांतील कित्येक टेक्सास, इलिनॉय, मिशिगन अशा सखल प्रदेशांतून येतात. वर्षाचे अकरा महिने त्यांनी खुर्चीवर काढलेले असतात, आणि बाराव्या महिन्यात दहा हजार फुटांवर विशीतल्या जोमाने चढावयाचे असा त्यांचा निश्चय असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली. तेव्हा मराठी घरात या शिकाऱ्यांची चिंता कशासाठी वाहावी, असे कोणी विचारील. परंतु बंदुकीचा या प्रश्नाशी संबंध थोडा. वर्षातून एकदाच, उंच जागी, थंडीत, ओझे घेऊन आणि मनात मोठा हेतू धरून जो प्रौढ मनुष्य चढतो, त्याच्या हृदयावर काय प्रसंग गुजरतो हे या शिकाऱ्यांच्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. नेटाने चढताना हेच काम तिप्पट-चौपट होऊ शकते. हातापायांचे स्नायू स्वस्थ असताना रक्तातील प्राणवायूचा थोडाच भाग घेतात व श्रम पडले की अधिक घेतात. त्यांच्यापाशी शिल्लक असते. हृदयाच्या स्नायूची गोष्ट तशी नाही. तो विश्रांतीतही आपल्या वाट्याच्या रक्तातील बहुतेक प्राणवायू शोषून घेत असतो. त्यामुळे काम वाढले की त्याला रक्तच अधिक मिळाले पाहिजे, दुसरा उपाय नाही. हे रक्त हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या धमन्यांतून येते, आणि तेही मुख्यत्वे दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणी. ठोके जलद पडू लागले की हा विसावा आखडतो. म्हणजे ज्या वेळी गरज वाढते त्याच वेळी पुरवठ्याचा अवधी कमी होतो. धमन्या निर्मळ असतील तर त्या रुंदावून ही तूट भरून काढतात. त्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचून त्या कठीण झाल्या असतील, तर त्या रुंदावणार कोठून?

अशा वेळी छातीत जी कळ येते तिचे वर्णन विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याने अठराव्या शतकातच करून ठेवले आहे. १७७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात हे दुखणे चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर लवकर चालू लागल्यास उद्भवते आणि उभे राहिले की नाहीसे होते, असे त्याने नोंदविले. हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची युक्ती तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. केवळ रोग्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून त्याने हे लिहिले. या वर्णनातील प्रत्येक शब्द आजही डोंगर चढणाराने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘उभे राहिले की नाहीसे होते’ हे लक्षण तर फारच फसवे. कारण कळ थांबली की मनुष्य दुखणेही गेले असे समजून पुन्हा चालू लागतो.

याहून मोठे एक भय आहे, व ते कळ देऊन येतेच असे नाही. धमनीच्या भिंतीतील चरबीच्या थरावर एक पातळ पापुद्रा असतो. रक्तदाब व ठोके एकाएकी वाढले असता हा पापुद्रा फाटू शकतो. फाटला की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. हा थर आदल्या दिवसापर्यंत धमनीचा निम्मा मार्गही अडवीत नसेल, म्हणून त्या मनुष्यास कधी काही त्रास झालेला नसेल. ‘काल तर ठणठणीत होता’ असे ज्यांच्याविषयी मागाहून बोलले जाते, त्यांच्यापैकी कित्येकांची हकीकत अशी असते.

आता डोंगर काय करतो ते पाहावयाचे. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सात-दशांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. तेवढेच चालण्यासाठी तेथे हृदयास अधिक ठोके टाकावे लागतात. शरीर या विरळ हवेस सरावते, पण त्यास दिवस लागतात. आणि सुट्टी मोजकी असल्यामुळे शिकारी नेमका पहिल्याच दिवशी सर्वांत अधिक चढतो. ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुक येथील मार्टिन बुर्टशर यांनी आल्प्स पर्वतात हृदय बंद पडून झालेल्या मृत्यूंचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यात पहिल्या दिवसाचा वाटा विलक्षण मोठा आढळला. थंडीने कातडीतील व काही प्रमाणात हृदयातीलही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वर चढतो. पहाटे चार वाजता, उपाशीपोटी, गोठलेल्या जमिनीवरून ताठ चढाला लागणाऱ्या साठीच्या माणसाने या दोन्ही गोष्टी एकदम पत्करलेल्या असतात. रात्री शेकोटीभोवती घेतलेले मद्य व अपुरी झोप यांची भर निराळी.

आणखी एक गोष्ट अशी आहे की ती केवळ चालणाऱ्याला ठाऊक नसते, शिकाऱ्यालाच ठाऊक असते. तासन्‌तास निःशब्द बसल्यावर समोरच्या झाडीत शिंगे हलतात, आणि त्या क्षणी हात कापू लागतात, घसा कोरडा पडतो, कानांत ठोके ऐकू येतात. पाय जागचा हललेला नाही, तरी नाडी धावणाऱ्याची होते. मिशिगनमधील रॉयल ओक येथील ब्यूमाँट रुग्णालयातील संशोधकांनी याची मोजणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. हरणांच्या शिकारीस जाणाऱ्या २५ पुरुषांच्या अंगावर हृदयाचा आलेख टिपणारे छोटे यंत्र बांधून त्यांस रानात पाठविण्यात आले. त्यांपैकी कित्येकांस आधीपासून धमन्यांचा विकार होता. रुग्णालयातील चालत्या पट्ट्यावर या सर्वांची परीक्षा आधी झालेली होती. रानात बहुतेकांची नाडी त्या परीक्षेतील कमाल आकड्याच्या अगदी जवळ पोहोचली, काहींची तर त्याच्याही पुढे गेली. आणि पट्ट्यावर न दिसलेले बिघाड काहींच्या आलेखात रानात दिसले. खडबडीत जमिनीवर चालणे, सावज दिसणे व बार काढणे, आणि मेलेले हरीण ओढीत आणणे, हे तीन प्रसंग त्यांत मुख्य होते. पट्ट्यावरील परीक्षा उबदार खोलीत, हलक्या पोशाखात, डॉक्टरांच्या देखत होते. तेथे शिंगे दिसत नाहीत.

मनाच्या खळबळीने हृदयाचा घात होऊ शकतो याची जाणीव जुनीच आहे. योगायोग असा की तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हंटर आडनावाच्याच माणसाचे आहे. जॉन हंटर हा अठराव्या शतकातील थोर ब्रिटिश शस्त्रवैद्य. त्याला हा छातीचा विकार होता, आणि आपणास चिडविणाऱ्या कोणाही उपटसुंभाच्या हाती आपला प्राण आहे, अशा अर्थाचे तो बोलून दाखवीत असे. १७९३ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका सभेत वाद झाला असता तो कोसळला व मरण पावला.

मिशिगनमधील हरीण एल्कच्या मानाने लहान. रॉकी पर्वतात नर एल्क पडला म्हणजे शिकार संपली असे पाहणाऱ्यास वाटते. खरे श्रम तेथूनच सुरू होतात. मोटार दोन-तीन कोस दूर, मध्ये एक-दोन घळी, आणि मांस तर नासता कामा नये. तेव्हा जागेवरच त्याचे भाग पाडावयाचे आणि एका खेपेस तीस-चाळीस किलो पाठीवर घेऊन तीन-चार खेपा करावयाच्या. दिवस मावळत असतो, अन्न-पाणी घेतलेले नसते, घामाने भिजलेले कपडे थंड पडत असतात, आणि यशाच्या आनंदात थकवा कळत नाही. पन्नाशीपुढच्या शिकाऱ्याने एकच सावधगिरी घ्यावयाची असे ठरविले, तर ती येथे घ्यावी. ओझे निम्मे करावे व खेपा दुप्पट कराव्यात, बरोबरच्या तरुणांस पाठवावे, किंवा खेचरे भाड्याने घ्यावीत. त्या भागांत ओझ्याची जनावरे पुरविणारे लोक आहेत. त्यांचे दर शिकाऱ्यांस जास्त वाटतात, परंतु ते कशाच्या मानाने जास्त हे पाहावयास हवे.

मग काय, उतारवयात डोंगराचे नावच घेऊ नये? पूर्वी वैद्यांचा सल्ला असाच असे. १८८० साली हार्वर्ड विद्यापीठात थिओडोर रूझवेल्ट या तरुणास डॉक्टर डडली सार्जंट यांनी हृदय दुबळे असल्याचे सांगितले. धावत जिना चढू नये अशी ताकीद दिली. रूझवेल्टने पुढल्याच वर्षी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर सर केले, पुढे रॉकी पर्वतात व आफ्रिकेत मनसोक्त शिकार केली, मधल्या काळात तो अमेरिकेचा अध्यक्षही झाला. ही गोष्ट अमेरिकन शिकारी फार आवडीने सांगतात. सांगताना ते दोन बाबी गाळतात. रूझवेल्ट वर्षातून आठवडाभर नव्हे, तर बारा महिने व्यायाम करीत असे. आणि एवढे करूनही १९१९ साली साठाव्या वर्षी तो झोपेतच वारला.

या बाबतीत अंदाजावर विसंबण्याचे आता कारण उरलेले नाही. १९९३ साली मरे मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रोग्यांस विचारपूस करून झटक्यापूर्वीच्या तासात त्यांनी कोणते श्रम केले होते याची नोंद केली. जोराच्या श्रमानंतरच्या तासात झटक्याचा संभव एरवीच्या सुमारे सहापट असतो असे त्यांस आढळले. परंतु ही सरासरी झाली. जे आठवड्यातून एकदाही नेटाचा व्यायाम करीत नव्हते त्यांच्या बाबतीत हा संभव शंभरपटीच्याही वर गेला. जे आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करीत, त्यांच्या बाबतीत तो अडीचपटीच्याही आत राहिला. शंभरपट हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. कोणत्याही एका तासात झटका येण्याचा मूळ संभव अगदी अल्प असतो, त्याच्या शंभरपट, एवढाच त्याचा अर्थ. तथापि दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. जो श्रम एकाला घातक, तोच दुसऱ्याला जवळजवळ निर्धास्त. आणि दोघांमधील फरक श्रमाच्या सवयीचा.

ही सवय हंगामाच्या आदल्या पंधरवड्यात लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होईल, आणि पन्नाशीनंतर घाईने सुरू केलेला व्यायाम स्वतःच घातक ठरण्याचा संभव असतो. निदान तीन महिने हवेत. प्रथम आठवड्यात दीडशे मिनिटे भरतील इतके झपझप चालणे. जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रौढांस निदान एवढे सांगते. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, हा वेगाचा साधा मापदंड. दोनशेवीसातून वय वजा करून नाडीची मर्यादा काढण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते, पण ती ढोबळ आहे; आणि ठोके आवरणारी औषधे घेणारास तर ती निरुपयोगीच. महिन्याभराने पाठीवर पाच किलो घेऊन जिना किंवा टेकडी चढावी, व दर आठवड्यास ओझे थोडे वाढवावे. उतरण्याचाही सराव करावा, कारण मांड्या थकल्या की तोल जातो व घाबरून नाडी चढते. आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पाठ व खांदे यांस बळ देणारा व्यायाम करावा. तंबाखू सोडावयाची असेल तर त्याचाही मुहूर्त हाच. डोंगराशी पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस मध्यम उंचीवर काढावेत, दमसांस तपासून मग वर जावे. रोजच्या गोळ्या प्रवासात चुकवू नयेत.

डॉक्टरांकडून तपासून घ्यावे हे सांगावयास नको. रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी आणि घराण्याचा इतिहास यांवरून पुढील परीक्षा हवी की नको ते डॉक्टर ठरवितात. मात्र चालत्या पट्ट्यावर उत्तीर्ण झाल्याचा कागद म्हणजे अभयपत्र नव्हे. ती परीक्षा अरुंद झालेल्या धमन्या हुडकते. पातळ पापुद्र्याच्या अल्पशा थराचा तिला बहुधा पत्ता लागत नाही. एक गमतीची विसंगती येथे सांगावयास हवी. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यास कॉलोरॅडोत शिकारीचा परवाना घ्यावयाचा तर शिकारीचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो; त्यापूर्वी जन्मलेल्यांस तो माफ आहे. हृदयाची चौकशी मात्र कोणाच्याच बाबतीत होत नाही.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग आलाच, तर तो ओळखता आला पाहिजे, आणि येथेच शहाणीसुरती माणसे चुकतात. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर कॉलोरॅडोत सुट्टीवर होते. फ्रेझर या डोंगराळ गावी मासेमारी करून ते डेन्व्हरला उतरले, त्याच दिवशी त्यांनी सत्तावीस छिद्रांचा गोल्फ खेळला, दुपारी कच्चा कांदा घातलेले हॅम्बर्गर खाल्ले. पोटात अस्वस्थ वाटू लागले तेव्हा दोष कांद्याला दिला गेला. मध्यरात्रीनंतर छातीत कळ आली. त्यांचे खाजगी डॉक्टर तातडीने आले, तरी विद्युत्-आलेख निघून झटक्याचे निदान होईतो दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. राष्ट्राध्यक्षाच्या उशाशी वैद्य बसलेला असता जे घडले, ते दहा हजार फुटांवरील तंबूत किती सहज घडेल! अपचन, खांद्यावरील पट्ट्याचा काच, थंडी, वय, यांतील एखादे कारण हाताशी असतेच. त्यातून पुरुषांच्या टोळीत कळ बोलून दाखविणे कमीपणाचे वाटते. आपल्यामुळे चौघांची सुट्टी मोडेल हा संकोच तर फार जणांच्या जिवावर बेतला असेल.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते जबडा, डावा हात वा पाठ यांकडे पसरणे, गार घाम, मळमळ, श्रमाच्या मानाने फाजील धाप, ही चिन्हे दिसताच ओझे उतरवून बसावे आणि सोबत्यास स्पष्ट सांगावे. स्त्रियांत व मधुमेहींत कळ नसून नुसती धाप किंवा ग्लानी असू शकते. पूर्वीपासून हृच्छूल असलेल्याने नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली धरावी. परंतु सिल्डेनाफिलसारखे औषध नुकतेच घेतले असेल तर ती मुळीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायकपणे उतरतो. ॲस्पिरिन वर्ज्य नसेल तर साधारण तीनशे मिलिग्रॅमची एक गोळी चावून खावी. आणि मदत मागवावी. रानात टेलिफोनची लहर पोहोचत नाही, यासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे लहान यंत्र आता मिळते. ते टोळीत एकाकडे तरी असावे, व ते चालविण्याची रीत सर्वांस ठाऊक असावी. हृदय बंदच पडले तर मदत येईपर्यंत छातीवर दोन्ही तळव्यांनी जोराने व जलद दाब देत राहणे एवढेच हाती राहते. दाब न मिळाल्यास दर मिनिटागणिक जगण्याचा संभव सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटतो. यावरून एकट्याने जावे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

आयझेनहॉवर यांच्यावर उपचारांसाठी बॉस्टनहून पॉल डडली व्हाइट हे हृदयरोगतज्ज्ञ आले. झटक्यानंतर रोग्याने महिनोन्‌महिने अंथरुणास खिळून राहावे असा त्या काळचा प्रघात. व्हाइट यांनी मर्यादित चालण्यास उत्तेजन दिले. पुढल्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले व १९६९ पर्यंत जगले, जरी मधल्या काळात त्यांस आणखी झटके सोसावे लागले.

मराठी घरांशी या सर्वाचा संबंध दोन वाटांनी येतो. आपल्याकडील पन्नाशी-साठीची माणसे बंदूक नव्हे, पण काठी घेऊन केदारनाथास, म्हणजे साडेतीन हजार मीटरांहून उंच, जातात. अमरनाथ त्याहूनही वर आहे. तेथील यात्रेकरूस वैद्यकीय दाखला सक्तीचा आहे, हे कॉलोरॅडोच्या मानाने शहाणपणाचे. दुसरे असे की दक्षिण आशियातील लोकांत हृदयविकार लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीच्या २००७ मधील विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्या भागात ५३ वर्षे, तर अन्यत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. अमेरिकन शिकारी ज्या वयात सावध होतो, त्याच्या पाच-सहा वर्षे आधी आपल्या माणसाने व्हावे हे बरे. मुलाबाळांकडे डेन्व्हरला गेलेल्या आईवडिलांस रॉकी पर्वत राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज मार्ग दाखविण्याची मोठी हौस असते. तो रस्ता १२,१८३ फुटांवर जातो, आणि मोटारीतून काही तासांतच तेथे पोहोचता येते. तेव्हा मुंबईहून विमानाने उतरल्यावर दोन-तीन दिवस डेन्व्हरलाच राहावे, वर गेल्यावर मोटारीतून सावकाश उतरावे, टेकाडावरील पायऱ्या पाहून मोह झाला तरी त्या पुढल्या भेटीसाठी ठेवाव्यात, आणि बसल्याजागी धाप लागू लागली तर छायाचित्रे तशीच टाकून मोटार खाली वळवावी.